लॉग भरपूर, अर्थ लागेना: जुन्या लीफची कॅन बस वाचायची कशी

प्रश्न आधी थोडक्यात लिहितो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. गाडी २०१३ची इलेक्ट्रिक निसान लीफ, २४ किलोवॉट-अवर बॅटरीची, जपानहून न्यूझीलंडला वापरलेली म्हणून आलेली. मालक ऑकलंडला राहतात. डॅशबोर्डवरच्या बारांवर त्यांचा भरवसा नाही, बॅटरीत नक्की किती उरलंय आणि ९६ सेल-जोड्यांपैकी कुठली कमजोर पडतेय हे त्यांना स्वतः बनवलेल्या छोट्या स्क्रीनवर बघायचंय. तयार ॲप मिळतं हे माहितीय, पण स्वतः करायचंय. गाडीच्या तपासणीच्या (ओबीडी) सॉकेटला ब्लूटूथवालं ईएलएम३२७ डोंगल, म्हणजे गाडीतले मेसेज वाचणारं छोटं यंत्र, लावलं, सगळे मेसेज दाखव अशी कमांड दिली, दोन-चार सेकंदांत 'बफर फुल' आलं, आणि हातात जे लागलं त्या ओळी बघून बघून काही उमजत नाहीये. म्हणून विचारतायत की महाग हार्डवेअर घ्यावं का, कुठला बाइट म्हणजे काय हे लोक ओळखतात तरी कसं, आणि या सगळ्यात गाडी बिघडणार तर नाही ना.

मी गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्येच काम करतो, वेगवेगळे कंट्रोलर (गाडीतले छोटे संगणक) कॅन बसवर, म्हणजे त्यांना जोडणाऱ्या सामायिक तारांवर, एकमेकांशी काय बोलतायत ते रेकॉर्ड करून तपासणं हा रोजच्या कामाचाच भाग, आणि घरी याच पिढीची लीफ आहे. त्यामुळे खाली जे लिहितोय ते लीफपुरतं हात लावून बघितलेलं आहे. मेसेजचे आयडी, म्हणजे ओळख-क्रमांक, सगळे हेक्समध्येच (०-९ आणि ए-एफ वापरून लिहिलेले आकडे) लिहिणार आहे, ते ध्यानात ठेवा.

मला तुमचा खरा अडथळा हार्डवेअरचा वाटत नाही. हार्डवेअर थोडं बदलावं लागेल पण त्याला फार पैसे लागत नाहीत. अडथळा असा आहे की लॉग घेतला तेव्हा गाडीत नक्की काय चाललं होतं हे तुम्ही कुठेच लिहून ठेवलेलं नाही, आणि तसा लॉग कितीही मोठा असला तरी त्यातून अर्थ निघत नाही, मग तो मी बघू दे नाहीतर अजून कोणी. नुसत्या आकड्यांकडे बघून कोणालाच कळत नसतं. ज्यांना कळतं ते आधी गाडीत काहीतरी एकच गोष्ट मुद्दाम बदलतात आणि मग आकड्यांत काय बदललं ते शोधतात. दुसरा गोंधळ असा की बस ऐकणं आणि बसवर प्रश्न विचारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुमच्या दोन गरजांपैकी एक ऐकून भागते आणि एक विचारल्याशिवाय भागतच नाही.

आधी 'बफर फुल'चं सांगतो कारण त्यात तुमची काही चूक नाहीये, साधं गणित आहे. लीफच्या बसचा वेग ५०० किलोबिट प्रति सेकंद, त्यावर सेकंदाला हजाराच्या घरात फ्रेम (म्हणजे एकेक मेसेज) सहज धावतात. डोंगलमधली चिप प्रत्येक फ्रेम अक्षरांत लिहून काढते आणि सिरीयल लाइनवरून ब्लूटूथकडे ढकलते, ही लाइन स्वस्तातल्या डोंगलमध्ये साधारण ३८,४०० बॉडवर (सेकंदाला तितके बिट, एका अक्षराला दहा) असते म्हणजे सेकंदाला ३,८४० अक्षरं. एका ओळीत आयडीची तीन अक्षरं, डेटाची सोळा आणि एक एंटर धरलं तर वीस झाली, म्हणजे फार तर १९० ओळी सेकंदाला जातील. बाकीच्या जाणार कुठे? म्हणून बफर भरतो. डोंगल एखादा ठराविक आयडी फिल्टर लावून ऐकायला किंवा प्रश्न विचारून उत्तर घ्यायला चांगलं आहे, अख्खी बस रेकॉर्ड करायचं ते साधनच नाही.

आणि अजून एक, डोंगल ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर ऐकतं. लीफमध्ये तिथे कार-कॅन आहे, म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग, दारं, मीटर वगैरे. बॅटरी, इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटारला देणारा भाग) आणि चार्जर आपसात बोलतात ती ईव्ही-कॅन वेगळी, ती त्याच सॉकेटच्या १२ आणि १३ पिनांवर मिळते, १३ हाय आणि १२ लो. नेव्हिगेशन-ऑडिओची तिसरी बस ३ आणि ११ वर. तुम्हाला बॅटरीत रस आहे आणि तुम्ही बसलाय दुसऱ्याच खोलीच्या दाराशी कान लावून. लीफ या बाबतीत खरंच सोयीची गाडी आहे, ईव्ही-कॅन थेट सॉकेटवर आणून ठेवणाऱ्या गाड्या फार नाहीत, नवीन गाड्यांत तर अजूनच कमी.

मग घ्यायचं काय? लॅपटॉपवर लिनक्स असेल तर कॅनेबल प्रकारचा छोटा यूएसबी अडॅप्टर सगळ्यात सोपा, कारण लिनक्सच्या कर्नलमध्ये सॉकेटकॅन २००८ पासून आहे, कॅन पोर्ट नेटवर्क कार्डासारखा दिसतो आणि कॅनडम्प, कॅनस्निफर ही टूल्स फुकट मिळतात. पुढे स्क्रीन बनवायचीच आहे तर ईएसपी३२ हा छोटा मायक्रोकंट्रोलर घ्या, त्यात कॅन कंट्रोलर आतच असतो, बाहेरून फक्त ट्रान्सीव्हर (बसच्या तारांना जोडणारी चिप) लागतो, ३.३ व्होल्टवर चालणारा एसएन६५एचव्हीडी२३० चालतो. एमसीपी२५१५ या कॅन कंट्रोलर चिपवाली मॉड्यूल पण खूप जण वापरतात, तिथे एकच बघा की क्रिस्टल ८ मेगाहर्ट्झचा आहे का १६ चा, लायब्ररीत चुकीचा आकडा दिला की स्पीड अर्धा किंवा दुप्पट होतो आणि काहीच दिसत नाही, मग माणूस दिवसभर वायरिंग तपासत बसतो.

या बहुतेक छोट्या बोर्डांवर १२० ओहमचा एक रेझिस्टर आधीच बसवलेला असतो, तो जंपर काढून किंवा डिसोल्डर करून बाजूला करा. कॅन बसच्या दोन टोकांना प्रत्येकी १२० ओहम असतात, गाडी पूर्ण झोपलेली असताना हाय आणि लो मध्ये मल्टिमीटर लावलात तर ६० ओहमच्या आसपास दिसायला पाहिजे. तुमच्या बोर्डाचा तिसरा १२० त्यात समांतर बसला की ४० होतात. चालेल कदाचित, पण कारच्या बसवर 'कदाचित' नको. बोर्ड जोडायच्या आधी आणि नंतर मोजा, दोन मिनिटांचं काम आहे.

आता गाडी बिघडेल का, या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. पहिले कितीतरी दिवस फक्त लिसन-ओन्ली (नुसतं ऐकायच्या) मोडमध्ये राहा. कारण असं की कॅनमध्ये साधं ऐकणारा नोड (बसला जोडलेलं यंत्र) पण पूर्ण गप्प नसतो, प्रत्येक फ्रेमच्या शेवटी तो पोचपावतीचा एक बिट बसवर टाकतो, आणि स्पीड चुकीचा सेट झाला असेल तर त्याला प्रत्येक फ्रेम चुकीची वाटते आणि तो एरर फ्रेम टाकून इतरांचं बोलणं मोडतो. मग डॅशबोर्डवर एकदम चार दिवे लागतात आणि घाबरायला होतं. लिसन-ओन्ली मध्ये ट्रान्समिटच बंद, त्यामुळे स्पीड चुकला तरी तुम्हाला काही दिसणार नाही इतकंच, गाडीला पत्ता लागत नाही. सॉकेटकॅनमध्ये हा एक पर्याय आहे, ईएसपी३२ मध्ये पण आहे. आणि १६ नंबरच्या पिनवर कायम १२ व्होल्ट असतात, गाडी बंद असली तरी, म्हणून यंत्र रात्रभर लावून ठेवू नका. लीफच्या तक्रारींत बऱ्याच वेळा मूळ १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरलेली असणं हेच निघतं.

नारिंगी (उच्च व्होल्टेजच्या) केबलींना हात लावायची या कामात कुठेही गरज नाही. बॅटरी पॅक चारशे व्होल्टच्या जवळ असतो, माणूस मारायला पुरेसा. आपलं सगळं काम ओबीडी सॉकेटवर, छोट्या व्होल्टेजवर.

आता मुख्य भाग, अर्थ कसा लावायचा.

कॅनच्या फ्रेममध्ये पाठवणाऱ्याचं नाव नसतं, कोणासाठी आहे तेही नसतं. फक्त आयडी, म्हणजे हा मेसेज कशाबद्दल आहे, आणि पुढे जास्तीत जास्त आठ बाइट डेटा. दोघांनी एकदम बोलायला सुरुवात केली तर ज्याचा आयडी लहान तो पुढे जातो, दुसरा आपोआप थांबतो. बॉशने १९८६ मध्ये हे जाहीर केलं तेव्हापासून साध्या कॅनची ही रचना तशीच आहे. म्हणून आयडीच्या आकड्यातच एक इशारा असतो, लहान आयडी म्हणजे घाईची गोष्ट. लीफमध्ये कार-कॅनवर स्टिअरिंगच्या कोनाचा आयडी ००२ आहे, आणि दारं-दिव्यांचा ६०डी. स्टिअरिंगची माहिती थांबून चालत नाही, दार उघडल्याची थोडी थांबली तर चालते.

तसाच दुसरा इशारा म्हणजे मेसेज किती वेळाने येतो. पहिला लॉग घेतला की कुठलाही बाइट न बघता आधी आयडीनुसार यादी करा आणि प्रत्येकाचा कालावधी काढा. १० मिलिसेकंदाला येणारे मेसेज बहुतेक कंट्रोलचे असतात, टॉर्क, करंट, व्होल्टेज. १०० किंवा त्याहून जास्त मिलिसेकंदाचे म्हणजे माहितीचे, चार्ज किती टक्के, तापमान, स्विच. एवढ्यावरच निम्मे आयडी तुमच्या प्रश्नातून बाहेर जातात.

मग प्रत्येक आयडीचा प्रत्येक बाइट तीन ढिगांत टाका. एक, जो अख्ख्या लॉगमध्ये हललाच नाही. दोन, जो गाडी नुसती उभी असताना पण सतत एका ठराविक चालीने फिरतो. तीन, बाकीचे. दुसऱ्या ढिगातले लोकांचा सगळ्यात जास्त वेळ खातात, कारण ते खूप हलतात म्हणून महत्त्वाचे वाटतात. लीफच्या बऱ्याच महत्त्वाच्या मेसेजमध्ये सातव्या बाइटचे शेवटचे दोन बिट ०, १, २, ३, परत ० असे फिरतात, तो नुसता काउंटर आहे, मेसेज ताजा आहे हे कळण्यासाठी. आणि आठवा बाइट सीआरसी, म्हणजे आधीच्या सात बाइटांवरून काढलेला तपासणीचा आकडा, लीफमध्ये त्याचा पॉलिनॉमियल (गणिताचं सूत्र ठरवणारा आकडा) हेक्समध्ये ८५ आहे. तो दर फ्रेमला कसाही उड्या मारताना दिसतो. या दोघांना आधी ओळखून झाकून टाका, स्क्रीन एकदम शांत होईल.

पहिला प्रयोग दारांचा करा, बॅटरीचा नको. कार-कॅनवर, गाडी ऑन पण पार्कमध्ये, दहा सेकंद काहीही करू नका, मग ड्रायव्हरचं दार उघडा, दहा सेकंद थांबा, बंद करा, थांबा, परत तेच. प्रत्येक वेळ कागदावर. कॅनस्निफर सारख्या टूलमध्ये बदललेला बाइट रंगाने दिसतो, ६०डी मध्ये एक बिट तुमच्या दाराबरोबर नेमका उठेल-बसेल. मग डावं इंडिकेटर, उजवं, दोन्ही. हे शिकण्यासाठी फार उपयोगाचं आहे कारण उत्तर तुम्हाला आधीच माहिती असतं, दार उघडं आहे का बंद यात वाद नाही, त्यामुळे तुमची पद्धत बरोबर आहे का तेवढंच तपासलं जातं.

वेळ जुळवण्यासाठी मी एक करतो, लॉग सुरू झाल्यावर ब्रेक पेडल तीनदा लागोपाठ दाबतो. फोनवर डॅशबोर्डचा व्हिडिओ चालू असतो, त्यात टपटप आवाज येतो आणि लॉगमध्ये ब्रेकचा बिट तीनदा हलतो, दोन्ही घड्याळं जुळली. नंतर व्हिडिओ थांबवून थांबवून बघता येतं की अमुक सेकंदाला पॉवर मीटर कुठे होता. चालत्या गाडीत लॅपटॉप दुसऱ्या माणसाकडे द्या, ड्रायव्हरने त्याच्याकडे बघायचं सुद्धा नाही.

आता ईव्ही-कॅनवर या आणि १डीबी हा आयडी घ्या. बॅटरीचा कंट्रोलर दर १० मिलिसेकंदाला पाठवतो. समजा हे तुम्हाला माहिती नाही, तर कसं सापडेल ते सांगतो. गाडी रेडीमध्ये (चालवायला तयार) उभी आहे, तिसरा बाइट सी० च्या आसपास आहे, फारसा हलत नाही. सी० म्हणजे १९२. आता रिकाम्या रस्त्यावर जोरात ॲक्सिलरेट केलं की तो खाली जातो, पाय काढला आणि रीजन (वेग कमी होताना बॅटरीत परत वीज भरणं) सुरू झालं की वर येतो, अगदी थोडासा जास्तच वर. लोड आला की खाली, चार्ज आत आला की वर, असं वागणारी बॅटरीत एकच गोष्ट, व्होल्टेज. १९२ ला २ ने गुणलं की ३८४. पॅकमध्ये ९६ सेल-जोड्या एकापुढे एक आहेत, ३८४ भागिले ९६ म्हणजे ४.००, बऱ्यापैकी चार्ज असलेल्या लिथियम सेलचं नेमकं तेवढंच असतं. इथे मला खात्री वाटायला लागते. पण २ व्होल्टची पायरी फार जाड आहे, एवढ्या महत्त्वाच्या आकड्याला इंजिनिअर अशी पायरी ठेवणार नाहीत, मग शेजारी बघा. चौथ्या बाइटचे वरचे दोन बिट याच्याबरोबर हलतात. तिसरा बाइट अख्खा आणि चौथ्याचे दोन मिळून दहा बिट, आता ७६८ येतो आणि पायरी अर्ध्या व्होल्टची. ७६८ चे निम्मे ३८४.

यात बघा, मी तीन ठिकाणी गाडीच्या बाहेरचं ज्ञान वापरलं: लोडखाली व्होल्टेज पडतं, सेल ९६ आहेत, आणि लिथियम सेल साधारण कुठल्या व्होल्टेजला असतो. आकड्यांत लपलेलं काही नव्हतं. हेच या कामाचं कसब आहे, आणि त्याला कुठलं महागडं टूल लागत नाही.

करंट त्याच मेसेजमध्ये आहे, पहिला बाइट आणि दुसऱ्याचे वरचे तीन बिट, अकरा बिट, अर्धा अँपिअर पायरी, आणि तो उणे पण होतो. उणे आकडा ओळखायची खूण अशी की शून्याच्या जवळपास असताना तो ०, १, २ वरून एकदम २०४७, २०४६ वर जातो. असं दिसलं की तो टूज-कॉम्प्लिमेंट (उणे आकडे बिटांत लिहायची पद्धत) आहे समजायचं. अधिक म्हणजे चार्ज का डिस्चार्ज हे माझं ऐकून ठरवू नका, हीटर लावून बघा, उभ्या गाडीत हीटर म्हणजे फक्त खर्चच, दुसरं काही नाही. आणि पायरी खरंच अर्ध्या अँपिअरची आहे का ते तपासायचं असेल तर घरच्या सॉकेटला लावा. २३० व्होल्टवर ८ अँपिअरची केबल असेल तर भिंतीतून साधारण १,८४० वॉट येतात, चार्जरमधलं नुकसान आणि गाडीची स्वतःची खपत धरून बॅटरीत दीड हजार-सोळाशे पोचले असं धरा, भागिले ३८० म्हणजे चार अँपिअरच्या जरा वर. लॉगमध्ये आठ-नऊ दिसायला पाहिजेत. सोळा-सतरा दिसले तर तुमची पायरी चुकलीय. चार्जिंगचा प्रयोग मला यासाठी आवडतो की तो तासनतास एकसारखा चालतो आणि गाडी जागची हलत नाही.

टक्केवारीचं आता. ५५बी मध्ये पहिल्या दहा बिटांत चार्जची टक्केवारी आहे, एक दशांशाच्या पायरीने. आणि ५बीसी मध्ये पहिल्या दहा बिटांत जो आकडा आहे त्याला लीफवाले गिड म्हणतात, एक गिड साधारण ८० वॉट-अवर, नव्या २४च्या गाडीत पूर्ण चार्जला २८१ च्या आसपास दिसायचा. तुमच्या प्रश्नातला 'खरं किती उरलंय' इथे दोन भागांत मोडतो आणि ते समजून घ्या. टक्केवारी ही बॅटरी आज जेवढी उरलीय त्याच्या किती भरलीय हे सांगते, म्हणून म्हातारी बॅटरी पण १०० जवळ जाते. गिड हा थेट ऊर्जेचा अंदाज आहे, म्हातारी बॅटरी भरली तरी तो २८१ ला पोचणार नाही. दोन्ही एकाच स्क्रीनवर ठेवा, मग बारांबद्दल तुम्हाला जो राग आहे तो कुठून आला ते कळेल. उजवीकडचे क्षमतेचे बारीक बार पण सारखे नाहीत, बारापैकी पहिला बार १५ टक्के क्षमता गेल्यावर पडतो आणि पुढचे प्रत्येकी सव्वासहा टक्क्यांना, म्हणून बारा बार दाखवणारी गाडी नव्यासारखी असेलच असं नाही. वापरलेली गाडी घेणाऱ्याने हे आधी बघावं.

एक सूचना, गाडी नुकतीच चालू झाली असताना गिड १०२३ दिसेल. तो दहा बिटांत मावणारा सर्वात मोठा आकडा, सगळे बिट १, म्हणजे 'अजून माहिती नाही'. असे आकडे कोडमध्ये सरळ टाकून द्या. तसंच काही मेसेजमध्ये एकाच जागी आळीपाळीने वेगवेगळी माहिती येते, तापमानाच्या ५सी० मध्ये पहिल्या बाइटचे वरचे दोन बिट आता कुठली गोष्ट आहे ते सांगतात. आलेख काढल्यावर एकाच बाइटची दोन-तीन समांतर ओळींत दातेरी रेष दिसली की हाच प्रकार. तापमानात ४० वजा करावे लागतात, गाड्यांच्या जगात ही जुनीच पद्धत आहे, बाइटमध्ये उणे आकडा नको म्हणून.

इथवर नुसतं ऐकून झालं: बस बरोबर निवडा, कालावधी काढा, काउंटर-सीआरसी झाका, एक गोष्ट बदला, आणि मिळालेला आकडा गाडीबाहेरच्या हिशोबाने तपासा. सेल व्होल्टेज मात्र असे मिळत नाहीत. ९६ आकडे सतत बसवर ओतत राहणं परवडत नाही म्हणून बॅटरी कंट्रोलर ते विचारल्यावरच देतो.

विचारायचा पत्ता ७९बी, उत्तर ७बीबी वर येतं. मेसेजचा मजकूर (हा पण हेक्समध्ये) ०२ २१ ०२, म्हणजे दोन बाइट पुढे आहेत, २१ नंबरची वाचनाची सेवा, गट ०२. ९६ आकडे प्रत्येकी दोन बाइटचे, आठ बाइटच्या फ्रेममध्ये मावणार नाहीत, म्हणून उत्तराची पहिली फ्रेम १० ने सुरू होते आणि कंट्रोलर थांबतो. तुम्ही ३० ने सुरू होणारी 'चल, पाठव' अशी फ्रेम दिली की बाकीच्या एकामागोमाग येतात, सगळ्या मिळून तिसेक. हे न दिल्यामुळे 'एकच ओळ येते आणि बंद पडतं' अशी तक्रार खूप जण करतात. उत्तरात पहिले दोन बाइट ६१ ०२, मग सेल मिलिव्होल्टमध्ये. ०एफए० आलं तर ४,००० मिलिव्होल्ट. सगळ्यांची बेरीज करा आणि त्याच क्षणीच्या १डीबी मधल्या व्होल्टेजशी ताडून बघा, व्होल्टभराच्या आत जुळलं पाहिजे. आणि चांगली बातमी अशी की हा प्रश्न कार-कॅनवरून विचारला तरी गाडी तो आत पोचवते, म्हणजे तुमचं आत्ताचं ईएलएम डोंगल या कामाला पुरतं, आयडी आणि फ्लो कंट्रोल (ती ३० वाली फ्रेम) नीट सेट केलं की झालं. कमजोर जोडी शोधायची तर गाडी उभी असताना नुसता फरक बघून उपयोग कमी, चार्ज कमी असताना चढावर लोड देऊन बघा, जी सगळ्यात आधी खाली बसते ती. पूर्ण चार्जला सगळ्या सारख्याच दिसतात कारण तिथे बॅलन्सिंग झालेलं असतं.

विचारणं म्हणजे बसवर पाठवणंच, मग रेष कुठे आखायची? माझी रेष अशी. वाचायच्या सेवा, लीफमध्ये २१ आणि नवीन गाड्यांत २२, गाडी उभी असताना बिनधास्त. लिहायची २ई, रूटीन चालवायची ३१, रीसेट ११, आणि २७ म्हणजे कुलूप उघडायची सेवा, यांच्या वाटेला जायचं नाही, विशेषतः बॅटरी आणि ब्रेकच्या कंट्रोलरवर. 'बघू काय होतं' म्हणून सगळे आकडे ओळीने पाठवत सुटायचं तर मुळीच नाही.

आणि गाडी स्वतः ज्या आयडीने बोलते त्याच आयडीने आपण बोलणं ही वेगळीच पातळी आहे. १डी४ मध्ये मुख्य कंट्रोलर इन्व्हर्टरला दर १० मिलिसेकंदाला टॉर्क मागतो. तुम्ही त्याच आयडीने वेगळा डेटा घुसवलात तर इन्व्हर्टरला दोन परस्परविरोधी मागण्या दिसतात, आणि दोघांच्या फ्रेम एकाच क्षणी निघाल्या तर बिट जुळत नाहीत, एरर काउंटर वाढत जातो आणि २५५ च्या पुढे गेला की तो नोड बसवरून स्वतःला काढून घेतो. तो नोड कधीकधी तुमचा नसतो, गाडीचा असतो. म्हणून जुन्या लीफमध्ये मोठी बॅटरी बसवणारे लोक असं घुसवत नाहीत, ते वायर कापून मधे दोन पोर्टचा ब्रिज बसवतात, एका बाजूने ऐकून, हवा तो आकडा बदलून, सीआरसी नव्याने काढून दुसऱ्या बाजूला देतात. तुम्हाला स्क्रीनसाठी यातलं काहीच लागत नाही. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलसेक यांनी जीप चेरोकीमध्ये लांबून शिरून बसवर मेसेज पाठवून दाखवले, १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, त्यामुळे तुमच्या स्क्रीनला वायफाय देणार असाल तर पाठवणारा भाग आणि वायफाय एकाच चिपवर उघडे ठेवू नका. इंटरनेटवरून गाडी बघायचीच असेल तर ओव्हीएमएस हा खुला प्रकल्प लीफसाठी आहे, त्याचा कोड वाचा, शिकायला उत्तम.

दुसऱ्यांनी काढलेल्या याद्या वापराव्यात का? हो, वापराव्यात. ओपनडीबीसी या खुल्या संग्रहात लीफच्या फाइल आहेत, लीफवाल्यांच्या जुन्या तक्त्यांत ईव्ही-कॅनचे बहुतेक आयडी आहेत, आणि सॅव्हीकॅन या लॉग बघायच्या प्रोग्राममध्ये डीबीसी फाइल (कुठला बाइट म्हणजे काय याची यादी) टाकली की नावासकट आलेख दिसतात. फक्त दार, व्होल्टेज आणि करंट हे तीन स्वतः काढून मग यादी उघडा. कारण याद्या एका साल-मॉडेलच्या असतात. २०११-१२ च्या लीफमध्ये चार्जर मागे आहे, तुमच्यात पुढे बॉनेटखाली, काही ट्रिममध्ये हीट पंप आहे काहींत नाही, ३० किलोवॉट-अवरच्या गाडीत बॅटरीचे काही मेसेज वेगळे. यादीतला आकडा तुमच्या गाडीला लागतो की नाही हे तपासायची पद्धत हातात असली पाहिजे, नाहीतर चुकीचा आकडा सुंदर फॉन्टमध्ये स्क्रीनवर दिसत राहतो.

भारतातून वाचणारे विचारतीलच की नेक्सॉन ईव्ही किंवा ह्युंदाई कोनावर हे चालेल का. पद्धत तीच, आयडी वेगळे. नवीन गाड्यांत सॉकेट आणि आतल्या बसमध्ये गेटवे (मेसेज गाळून पुढे सोडणारा कंट्रोलर) असू शकतो, मग नुसतं ऐकून सॉकेटवर शांतताच मिळते आणि विचारलं तरच उत्तर येतं, कोनाच्या बॅटरीला ७ई४ वर २२ ०१ ०१ विचारतात तसं. गाडी आणि बॅटरी वॉरंटीत असेल तर सॉकेटला लावून वाचण्यापुरतंच थांबा, वायर सोलून मधे घुसू नका, उद्या बॅटरीचा क्लेम करायची वेळ आली तर तुमचा जोड त्यांना दिसायला नको.

तुमच्यासाठी पुढचं काम असं. लिसन-ओन्ली मध्ये ईव्ही-कॅनचे तीन छोटे लॉग घ्या, प्रत्येकी दोन मिनिटं पुरे: रेडीमध्ये नुसती उभी, उभी पण हीटर फुल, आणि घरच्या सॉकेटला चार्जिंग. प्रत्येकाबरोबर डॅशबोर्डवरची टक्केवारी, बाहेरचं तापमान आणि चार्जिंग केबलवर लिहिलेले अँपिअर लिहा. तिन्हींतल्या १डीबी च्या वीस-वीस ओळी इथेच खाली टाका, आणि तुमच्या मते व्होल्टेज-करंट किती येतात ते पण लिहा, चुकलं तरी चालेल. ते बघून सेलच्या प्रश्नाकडे वळू.